न दिसणारा वण : दुर्बिणीतून किडनी दिलेल्या एका बहिणीचं प्रकरण

"मॅडम, बिनटाक्याचंच हाय नव्हं? मग सांजच्याला घरी सोडता का?"

अक्काचा मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी हसले. तेव्हा हसायला नको होतं, हे कळायला शस्त्रक्रियेनंतरचे अडीच महिने जावे लागले.

सोलापुरातल्या एका रुग्णालयात मी प्रत्यारोपण समन्वयक आहे. २०११ च्या कायदादुरुस्तीपासून अवयव प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयाला असा माणूस ठेवावाच लागतो. कागद जमवणं, तारखा जुळवणं आणि डॉक्टरांचं बोलणं घरच्यांना समजेल असं सांगणं, हे माझं काम. या प्रकरणात तिसऱ्या कामात मी कमी पडले, म्हणून हे लिहिते आहे. अक्काला विचारून लिहिते आहे आणि तिची ओळख पटेल असं यात काही ठेवलेलं नाही.

आधी भावाचं सांगते. वय ३८, टॉवेलच्या यंत्रमागावर रात्रपाळी. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून चष्म्याच्या दुकानात गेला, तिथून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि त्यांनी आधी रक्तदाब मोजला. २१० वर होता. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या. मूळ आजार कोणता, हे त्या टप्प्यावर शोधून हाती काही लागत नाही. आमच्याकडे असे कित्येक जण येतात. हातावर फिस्टुला झाला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या, आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस सुरू झालं आणि मागावरचं काम सुटलं.

आई ६८ वर्षांची, तिला साखर आणि रक्तदाब दोन्ही. बायको द्यायला तयार होती, पण तिचा रक्तगट बी आणि त्याचा ओ. अशाच अडकलेल्या दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल करायची सोय कायद्यात आहे, पण जुळणारं जोडपं सापडावं लागतं. मेंदू मृत दात्याच्या किडनीसाठी पुण्याच्या विभागीय केंद्राच्या यादीत नाव घातलं. चौदा महिने गेले. मग त्याची थोरली बहीण आली. ४६ वर्षांची, विडी कामगार, रक्तगट ओ. सगळे तिला अक्का म्हणायचे. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि शेजारणीशी बोलताना अधूनमधून कानडी.

आता त्या बिनटाक्याच्या प्रश्नाकडे. आपल्याकडच्या बायकांना 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हटलं की एकच गोष्ट आठवते, कुटुंब नियोजनाचं शिबिर. अक्कानं वीस वर्षांपूर्वी तिथंच नसबंदी करून घेतली होती. सकाळी गेली, दिवस मावळायला रिक्षातून परत आली, चौथ्या दिवशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसली. दुर्बीण तीच, छिद्रं तशीच, म्हणजे दुखणंही तेवढंच, हा तिचा हिशोब. मी तिला सांगितलं की तिथं नळी फक्त बांधतात, इथं अख्खा अवयव बाहेर काढायचाय. तिनं मान हलवली. मान हलली म्हणजे समजलं, असं मी धरून चालले.

किडनी दुर्बिणीतून काढता येते हे तसं अलीकडचंच ज्ञान. जिवंत दात्याच्या किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९५४ मध्ये बोस्टनला झालं, जुळ्या भावांमध्ये. पुढची चाळीस वर्षं दात्याची कूस उघडूनच किडनी काढत. बरगडीखाली पंधरा-वीस सेंटिमीटरचा छेद, स्नायूंचे थर कापायचे, कधी बरगडीचा तुकडाही काढायचा. १९९५ मध्ये बाल्टिमोरला रॅटनर आणि कावूसी यांनी पहिल्यांदा दात्याची किडनी दुर्बिणीतून काढली. गंमत म्हणजे आजारी किडनी अशी काढायला त्याआधीच, १९९० मध्ये, सुरुवात झाली होती. निरोगी किडनीला पाच वर्षं जास्त थांबावं लागलं, कारण टाकून द्यायची वस्तू कशीही काढली तरी चालते. ही तर दुसऱ्याच्या पोटात जाऊन चालायला हवी.

विडी कामगाराला या फरकाची किंमत कुणी समजावून द्यावी लागत नाही. तिचं काम बसून, पुढे वाकून, दिवसाचे आठ-दहा तास. कूस कापली तर नेमका तोच स्नायू जातो ज्याच्या आधारावर ती बसते. आमच्याकडे पूर्वी उघड्या शस्त्रक्रियेनं किडनी दिलेले एक वडील तपासणीला यायचे; तीन महिने ते खाली वाकून चप्पलसुद्धा घालू शकले नव्हते. दुर्बिणीत हलक्या कामाला तीन-चार आठवड्यांत लागता येतं. अक्काला हे पटकन पटलं. मजुरी हजार विड्यांवर असते, आणि बसल्याशिवाय विडी वळली जात नाही.

तपासण्यांत एक पेच निघाला. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, डाव्या किडनीला दोन रोहिण्या (रक्त आणणाऱ्या वाहिन्या) दिसल्या, उजवीला एकच. एरवी शस्त्रक्रियेसाठी डावी सोयीची, कारण तिची शीर, म्हणजे रक्त परत नेणारी वाहिनी, लांब असते आणि भावाच्या पोटात जोडायला सोपी जाते. उजव्या किडनीची शीर आखूड, थेट महाशिरेत शिरणारी, आणि वर यकृताचं छप्पर. मग कोणती किडनी किती काम करते ते सांगणाऱ्या डीटीपीए स्कॅनचा निकाल आला. डावी ५४ टक्के काम करत होती, उजवी ४६. इथं दात्याचा नियम लागू होतो, आणि त्याच्या बाबतीत मी फार कडक आहे: चांगली किडनी देणाऱ्याकडे राहते. सर्जनांनी उजवीच घ्यायचं ठरवलं आणि अक्काला समोर बसवून सांगितलं की अडचण आली तर पोट उघडावं लागेल. 'पोट उघडणं' हा शब्द तिला पहिल्यांदा नीट ऐकू आला असावा. त्या दिवशी ती काही न बोलता घरी गेली.

मशेरी सोडवायला सहा आठवडे गेले, ते वेगळंच प्रकरण आहे. तंबाखूच्या धुळीत दिवसभर बसणाऱ्या बाईला तंबाखू सोड म्हणताना मलाच चोरट्यासारखं वाटत होतं.

कागदांचं तर विचारू नका. बहीण कायद्यानं जवळची नातेवाईक, त्यामुळे राज्याच्या समितीपुढे जावं लागत नाही, रुग्णालयातल्या सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी पुरते. पण बहीणच आहे हे सिद्ध करायचं. तेलुगू आडनाव माहेरच्या रेशनकार्डावर एका तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या, विडी कामगाराच्या ओळखपत्रावर तिसऱ्याच. शेवटी ऊतींच्या जुळणीचा अहवाल उपयोगी पडला. नवऱ्याचा होकार पाहिजे म्हणून सासरचे अडून बसले होते. वास्तविक कायद्यात अशी अट नाही आणि २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. अक्काचा नवरा मात्र स्वतःहून आला, एका कोपऱ्यात बसला आणि म्हणाला, "तिचा भाऊ हाय. मी कोण नको म्हणणारा?"

२०१४ च्या नियमांत आणखी एक कलम आहे, माझं आवडतं. दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यायची आणि तिची स्वतंत्र संमती रुग्ण सोडून दुसऱ्या व्यक्तीनं पडताळायची. आपल्याकडे जिवंत दात्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे त्या कलमामागचं साधं कारण. म्हणून मी तिला एकटीला बसवलं. धोके सांगायचे होते, आणि टक्केवारी तिला कळेना. मग विड्यांत सांगितलं. दात्याचा शस्त्रक्रियेत मृत्यू व्हायची शक्यता मोठ्या अमेरिकी अभ्यासात दहा हजारांत तीन निघाली होती. दहा हजार विड्यांत तीन. आणि पुढे आयुष्यात कधीतरी स्वतःचीच किडनी निकामी होण्याची शक्यता, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे, दात्यांत दहा हजारांत नव्वद. तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या माणसांत चौदा. पंचवीस विड्यांचा कट्टा धरला तर साडेतीन कट्टे एकीकडे आणि अर्ध्या कट्ट्याहून थोडं जास्त दुसरीकडे.

अक्कानं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "कारखान्यात तपासणारा याच्यापेक्षा जास्त बाद करतोय." मग थोडं थांबून खरा प्रश्न विचारला. "वण कुठं येतोय?"

मुलीचं लग्न व्हायचं होतं. आईनं किडनी दिली म्हटलं की मामाचा आजार निघणार, मामाचा आजार निघाला की 'घराण्यातच आहे' निघणार. मी तिला धीर दिला. पोटावर चार बारीक छिद्रं, आणि किडनी बाहेर काढायला ओटीपोटावर सात सेंटिमीटरचा आडवा छेद, सिझेरियनचा असतो तिथंच. "साडीच्या निऱ्यांखाली जातो अक्का, कुणाला दिसणारसुद्धा नाही." हे मी अभिमानानं सांगितलं. तिचा चेहरा उजळला, आणि होकार पक्का झाला तो तिथं.

शस्त्रक्रिया मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. मला आत उभं राहायची परवानगी होती. अक्काला डाव्या कुशीवर वळवून बांधलं, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून तंबूसारखं फुगवलं, दाब पाऱ्याचा बारा मिलिमीटर. एका छिद्रातून दुर्बीण, दोनांतून अवजारं, चौथ्यातून यकृत वर उचलून धरणारी दांडी. पडद्यावर आतडं हळूच बाजूला सरकलं आणि महाशिरेची निळसर कड दिसली. मूत्रनलिकेभोवतीची चरबी सर्जन खरवडून साफ करत नव्हते, मुद्दाम ठेवत होते. मी विचारलं तर म्हणाले, "तिचं रक्त या चरबीतूनच येतं. स्वच्छ दिसावी म्हणून खरवडली तर भावाच्या पोटात गेल्यावर सुकून गळेल."

सगळ्यात जपून करायचा भाग शेवटचा. रोहिणी आणि शीर बंद करून कापायची. प्लास्टिकच्या लॉक होणाऱ्या क्लिपा स्वस्त पडतात. पण दात्याच्या रोहिणीवरून त्या निसटून मृत्यू झाले आहेत, आणि या शस्त्रक्रियेत त्या रोहिणीवर वापरू नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये पुन्हा दिला. रोहिणीचं टोक सुटलं तर काही मिनिटांत खेळ आटोपतो. म्हणून स्टेपलर. त्याची एकेक काडतूस महाग, आणि बिल बघून "हे कशाला लागतंय?" असं विचारणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. शिवाय स्टेपलर शिरेची काही मिलिमीटर लांबी खातो, आणि उजवी शीर तर मुळातच आखूड. सर्जनांनी ती लांबी गमावली आणि दात्याचं टोक सुरक्षित ठेवलं. पलीकडच्या टेबलावर जोडायला त्रास झाला, अर्धा तास जास्त लागला. मला तो निर्णय बरोबर वाटतो.

रोहिणी बंद केल्यापासून किडनी पिशवीत घालून खालच्या छेदातून बर्फात येईपर्यंत चार मिनिटं. पोट उघडावं लागलं नाही. भावाच्या उजव्या ओटीपोटात ती बसवली, क्लॅम्प काढले, राखाडी किडनी गुलाबी झाली आणि टेबलावरच लघवी आली. त्याचं पुढचं सगळं सुरळीत झालं, म्हणून त्याच्याबद्दल इतकंच.

दुसऱ्या दिवशी अक्का चालली. उजवा खांदा दुखतोय म्हणून तक्रार होती. पोटात उरलेला वायू श्वासपटलाला लागतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. दोन दिवसांत गेलं. चौथ्या दिवशी घरी. रक्तातलं क्रिएटिनिन, किडनीचं काम मंदावलं की वाढतं ते, आधी ०.८ होतं, जाताना १.२. उरलेली किडनी हळूहळू जास्त काम उचलते, पण दोघींचं सगळं काम एकीला कधीच जमत नाही. आधीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर ती स्थिरावते.

तेराव्या दिवशी फोन आला. टाक्यांखाली फुगलंय.

तो पाण्याचा दिवस होता. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. चार-पाच दिवसांनी नळ येतो, तो पहाटे साडेतीनला आला तरी उठावं लागतं, आणि पुढच्या पाच दिवसांचं पाणी तेवढ्या वेळात भरून घ्यायचं. भरलेली घागर म्हणजे बारा-पंधरा किलो. आम्ही सहा आठवडे पाच किलोच्या वर उचलायचं नाही असं सांगितलं होतं. अक्कानं अकरा घागरी भरल्या होत्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. सासूनं फक्त "पाणी आलं गं" एवढी हाक मारली. लुगडं नेसून चालणारी, हसणारी, विड्यांचं सूप पुसत बसलेली बाई आजारी आहे हे कुणाच्या डोळ्यांना दिसणार? त्या उघड्या शस्त्रक्रियेवाल्या वडिलांना कुणी कधी घागर उचलायला सांगितली नव्हती; ते कण्हायचे, त्यांची कूस सगळ्यांना दिसायची.

सोनोग्राफीत हर्निया नव्हता. छेदाखाली पाणी साचलं होतं, ते सुईनं काढलं, पोटाला पट्टा बांधला, पंधरा दिवसांत बसलं. मी तिच्या नवऱ्याला बोलावून चार गोष्टी सुनावल्या. तो तेव्हापासून पाणी भरतो. प्रकरण इथं संपलं, असं मला वाटलं.

इथं एक गोष्ट सांगून ठेवते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला अवयव दिल्यावर जास्तीत जास्त ४२ दिवसांची विशेष नैमित्तिक रजा मिळते, २०२३ पासून. त्या आदेशात स्पष्ट लिहिलंय की शस्त्रक्रिया कोणत्याही प्रकारची असो. म्हणजे छिद्र लहान म्हणून विश्रांती लहान नाही, हे दिल्लीतल्या कारकुनाला कळलंय. भावाचा खर्च महात्मा फुले योजनेतून निघाला. प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेल्याचा त्याला फायदा झाला. अक्काच्या बुडालेल्या विड्या मात्र कुठल्याच रकान्यात बसल्या नाहीत. म्हणून ती पाचव्या आठवड्यात कामाला बसली, बुडालेलं भरून काढायला जास्त वेळ बसली, आणि पाठ धरली.

मेच्या शेवटी भाऊ तपासणीला आला तेव्हा ती सोबत होती. बाहेर पारा बेचाळीसच्या वर. तोंड सुकलेलं, पाय जरा सुजलेले. तिची तिमाही तपासणी दहा-बारा दिवसांवर होती, म्हटलं आलीच आहेस तर रक्त दे. क्रिएटिनिन १.९.

तासभर विचारल्यावर एकेक धागा निघाला. पाठदुखीसाठी ती गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी रीतसर विचारलं, हे पोटावर कसलं ऑपरेशन? अक्का म्हणाली, "गर्भपिशवी काढली."

गल्लीला तिनं तेच सांगितलं होतं. वण बरोबर त्याच जागी, वयही बरोबर तेच, शंका घ्यायला जागाच नाही. डॉक्टरांनी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं आणि गोळ्या लिहिल्या, दिवसातून दोन, पाच दिवस. गर्भपिशवी काढलेल्या बाईला त्या चालतात. पाच दिवसांनी तीच चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून आणखी दोन पाकिटं आणली. आणि पाणी कमी प्यायची, कारण काम मोडून उठावं लागतं.

किडनीला पाणी कमी पडलं की ती आपल्याकडे येणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवून तग धरते. ती उघडी ठेवणारं रसायन शरीर तयार करतं, आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक या गोळ्या नेमकं तेच रसायन बंद करतात. दुखणं थांबतं ते त्यामुळेच. दोन किडन्यांचा माणूस बहुतेक वेळा यातून निभावतो. अक्काकडे एकच होती, आणि वर सोलापूरचा मे.

गोळ्या बंद केल्या, दोन दिवस ठेवून सलाइन दिलं. दहा दिवसांत १.३, महिन्यानं १.१. पॅरासिटामॉल आणि शेक यांवर पाठ भागली. वेळेत कळलं ते भावाच्या तपासणीच्या तारखेमुळे, माझ्यामुळे नाही.

तिच्या डिस्चार्ज कार्डात कोणती वेदनाशामकं टाळायची ते लिहिलेलं होतं. इंग्रजीत, तिसऱ्या पानावर, तळाला. ते मीच फाइलला टाचलं होतं. आणि वण कुणाला कळणार नाही हे आश्वासनही माझंच. मी तिला लपवायची जागा दाखवली, आणि लपवल्यावर काय होईल याचा विचार केला नाही. सर्जनांशी बोलले तेव्हा ते म्हणाले, "मग काय, कूस उघडायची का?" अर्थातच नाही. दुर्बीणच बरोबर होती, अक्कासाठी तर नक्कीच. पण पूर्वी जे काम वीस सेंटिमीटरचा वण न बोलता करायचा, गल्लीतल्या डॉक्टरला सांगायचं, सासूला थांबवायचं, ते आता दुसऱ्या कशानं तरी करावं लागतं.

सध्या तरी आम्ही एक कार्ड केलंय, रेशनकार्डात मावेल एवढं. मराठी, तेलुगू आणि कानडीत तीनच ओळी: मला एक किडनी आहे, या गोळ्या देऊ नका, या नंबरवर फोन करा. दाता घरी जाण्याआधी घरातल्या एका माणसाला पाण्याच्या दिवसाबद्दल वेगळं विचारते, घागर कोण उचलणार ते नावानिशी लिहून घेते. नवे सर्जन मला हसतात.

वर्षाच्या तपासणीला अक्काचा रक्तदाब १२८ वर ८०, लघवीत प्रथिनं नाहीत, क्रिएटिनिन १.१. मुलीचं लग्न अजून जमलेलं नाही, त्यामुळे गल्लीत अजूनही गर्भपिशवीच. कार्ड दाखवतेस का, विचारलं. म्हणाली, गल्लीतल्या दुकानात नाही. औषध लागलं तर ती आता चौक ओलांडून पलीकडच्या दुकानात जाते, तिथं तिला कुणी ओळखत नाही.